प्रत्यक्ष जगात उतरून डिझाइन शिकताना: नव्या विद्यार्थ्यांसाठी क्षेत्रकामाचे मार्गदर्शन

डिझाइनच्या अभ्यासक्रमाला नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या सत्रात केव्हातरी सांगितले जाते की, आता काही दिवस वर्गाबाहेर जा, एखादे ठिकाण निवडा, तिथली माणसे आणि त्यांचे काम नीट पाहा आणि त्यातून प्रकल्पाचा विषय शोधून आणा. सूचना ऐकायला सोपी असली, तरी तिथे जाऊन नेमके काय करायचे, किती वेळ थांबायचे, कोणाशी काय बोलायचे आणि पाहिलेल्याचे पुढे काय करायचे, हे बहुतेक वेळा कोणी उलगडून सांगत नाही. परिणामी अनेक विद्यार्थी एखाद्या दुपारी जाऊन छायाचित्रे काढतात, चारदोन लोकांकडून प्रश्नावली भरून घेतात आणि निघतानाच मनात असलेल्या कल्पनेला त्या सामग्रीचा टेकू देतात. पुढील मार्गदर्शन अशा नवख्या विद्यार्थ्यांसाठी आहे. माझे ठाम मत असे आहे की, क्षेत्रकामाचा खरा लाभ कल्पना सुचण्याच्या आधीच पदरात पडतो. जो प्रश्न घेऊन आपण गेलेलो असतो तो प्रश्नच तिथे बदलतो, आणि बदललेल्या प्रश्नाला जे उत्तर सुचते ते स्टुडिओत बसून सुचले नसते. इथल्या सगळ्या सूचना हा बदल घडून यावा, याच हेतूने दिलेल्या आहेत.

प्रश्न बदलतो म्हणजे काय होते

स्टॅनफर्ड विद्यापीठात २००७ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाला कमी खर्चाचे इनक्युबेटर तयार करण्याचे काम मिळाले. मुदतीपूर्वी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांना अंगातली ऊब टिकवता येत नाही आणि रुग्णालयातील इनक्युबेटर महाग असतो. तेव्हा यंत्रातले भाग कमी करून त्याची किंमत उतरवावी, असा विचार कोणाच्याही मनात प्रथम येईल. परंतु या कामासाठी नेपाळमध्ये प्रत्यक्ष पाहणी झाली, तेव्हा शहरातील रुग्णालयात इनक्युबेटर रिकामे असल्याचे दिसले. ज्या बाळांना त्यांची गरज होती ती दूरच्या खेड्यांत जन्मत होती आणि रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हती. त्या क्षणी ‘इनक्युबेटर स्वस्त कसा करावा’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘विजेचा भरवसा नसलेल्या घरात आईला बाळाची ऊब कशी राखता येईल’ हा प्रश्न पुढे आला. त्यातून झोपण्याच्या पिशवीच्या आकाराचे एक साधन तयार झाले. त्यात मेणासारख्या पदार्थाची एक थैली बसवलेली असते. ती आधी तापवून घेतली की आतला पदार्थ हळूहळू घट्ट होत असताना तापमान काही तास सुमारे ३७ अंश सेल्सिअसवर टिकून राहते.

दुसरे उदाहरण डग डिट्झ या अनुभवी डिझाइनरचे आहे. जीई हेल्थकेअर या कंपनीसाठी त्यांनी एमआरआय यंत्र घडवले होते आणि ते प्रत्यक्ष वापरात कसे आहे हे पाहण्यासाठी ते रुग्णालयात गेले होते. तिथे तपासणीसाठी आलेली एक लहान मुलगी यंत्राच्या भीतीने रडताना त्यांना दिसली, आणि लहान मुलांना स्थिर ठेवण्यासाठी अनेकदा गुंगीचे औषध द्यावे लागते, हेही समजले. त्यानंतर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राच्या अंतर्गत रचनेला हात न लावता संपूर्ण खोलीचे रूप पालटले, भिंती आणि यंत्र रंगवून तपासणीला चाच्यांच्या जहाजावरील सफरीसारखे कथानक दिले आणि यंत्र चालवणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही त्या कथानकात सामावून घेतले. गुंगीच्या औषधाची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. यंत्राचा आकार, त्याची अचूकता आणि त्याचे बटण यांपलीकडे, त्या खोलीत शिरणाऱ्या मुलाला काय वाटते हाही डिझाइनचा विषय आहे, हे रेखाटनाच्या टेबलावर बसून लक्षात येणे अवघड होते.

याच्या उलट घडले ते प्लेपंपच्या बाबतीत. मुले गोल चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने जमिनीतले पाणी उपसून उंचावरच्या टाकीत चढेल, ही कल्पना इतकी मोहक होती की, आफ्रिकेतील देशांत हे पंप मोठ्या संख्येने बसवण्यासाठी २००६ मध्ये मोठा निधी जाहीर झाला. प्रत्यक्षात मुलांचा खेळ पाणी लागण्याच्या वेळेशी जुळत नव्हता आणि बऱ्याच ठिकाणी ते जड चक्र बायकांनाच फिरवावे लागत होते. काही वर्षांतच हा विस्तार थांबवावा लागला. चक्र कोण, केव्हा आणि किती वेळ फिरवणार, या प्रश्नांची उत्तरे पाणी भरण्याच्या जागी काही दिवस सलग थांबले तर मिळतात. उद्‌घाटनाच्या दिवशी मुले आनंदाने खेळताना पाहून ती मिळत नाहीत. क्षेत्रभेट आणि क्षेत्रात मुरणे यांतला फरक समजण्यासाठी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

पहिली पायरी: ठिकाण लहान निवडा

‘आरोग्यसेवा’, ‘शिक्षण’ किंवा ‘वाहतूक’ असा विषय घेऊन कोणालाही कुठेही जाऊन उभे राहता येत नाही. विषयाला जागा हवी, आणि त्या जागेत पुन्हा पुन्हा घडणारी, सुरुवात व शेवट असलेली एखादी क्रिया हवी. रुग्णालयाऐवजी औषधे देण्याची खिडकी, ग्रंथालयाऐवजी पुस्तके परत घेण्याचे टेबल, शिवणकामाच्या उद्योगाऐवजी एकाच कारागिराचे यंत्र आणि त्याच्या भोवतीची हात पोहोचेल एवढी जागा निवडली, तर एका बैठकीत तीच क्रिया अनेक वेळा पाहायला मिळते. पहिल्यांदा जे सामान्य वाटते त्यातले वेगळेपण चौथ्या-पाचव्या वेळी दिसू लागते. त्यामुळे पुनरावृत्ती ही निवडीची पहिली कसोटी आहे.

दुसरी कसोटी अशी की, तिथे तुम्हाला वारंवार जाता आले पाहिजे. दूरच्या, चित्रमय आणि अपरिचित ठिकाणाची ओढ विद्यार्थ्यांना असते आणि ती मी समजू शकतो. परंतु जिथे एकदाच जाता येईल अशा अद्‌भुत जागेपेक्षा जिथे आठवड्यातून तीनदा जाता येईल अशी साधी जागा शिकणाऱ्यासाठी कितीतरी अधिक मोलाची असते. काम मात्र शक्यतो तुमच्या रोजच्या ओळखीबाहेरचे असावे, कारण जे आपण लहानपणापासून पाहत आलो त्यातल्या अडचणी आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात.

दुसरी पायरी: जाण्यापूर्वीची तयारी

परवानगी आधी घ्यावी, आणि ती ज्याच्या ताब्यात जागा आहे त्याच्याकडून घेऊन थांबू नये, तर तिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडूनही घ्यावी. व्यवस्थापकाने होकार दिला म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीची संमती गृहीत धरली, तर ती व्यक्ती तुम्हाला वरून पाठवलेला तपासनीस समजते आणि पुस्तकी पद्धतीने काम करून दाखवते. तुम्ही विद्यार्थी आहात, शिकायला आला आहात, नोंदी कोण वाचणार आहे, छायाचित्रे कुठे दाखवली जातील आणि केव्हाही ‘आता पुरे’ म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे, हे साध्या शब्दांत सांगावे. लहान मुले, रुग्ण किंवा संकटात असलेली माणसे असतील, तर शिक्षकांशी आणि संस्थेशी बोलल्याशिवाय एकही छायाचित्र घेऊ नये.

विषयाबद्दल थोडे वाचून जावे, म्हणजे त्या कामातले मूलभूत शब्द आणि क्रम माहीत असतात आणि समोरच्याचा वेळ प्राथमिक माहितीत जात नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निघण्यापूर्वी एका पानावर तारीख घालून आपली गृहीतके लिहून ठेवावीत. या लोकांना कोणती अडचण असेल, ती कशामुळे असेल, त्यावर उपाय काय असावा असे आत्ता वाटते, हे सगळे प्रामाणिकपणे लिहावे. हे पान शेवटी फार उपयोगी पडते, कारण प्रश्न खरोखर बदलला की आपण पहिल्याच कल्पनेभोवती फिरत राहिलो, हे तपासण्याचे दुसरे साधन विद्यार्थ्याजवळ नसते.

सोबत खिशात मावेल अशी वही, दोन पेने आणि मोजपट्टी असली की पुरते. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नये, असे मी सुचवेन. कॅमेऱ्यामुळे समोरची माणसे सावध होतात हे एक कारण आहेच. शिवाय छायाचित्र काढले की ती गोष्ट पाहून झाली असे मन मानते आणि डोळे पुढे सरकतात. तीच गोष्ट रेखाटायला घेतली, तर हँडल नेमके कुठे जोडलेले आहे, झाकण कोणत्या बाजूला उघडते, हात कुठे टेकलेला असतो, हे पाहिल्याशिवाय रेषा पुढे जात नाही. चित्र सुबक येण्याची मुळीच गरज नाही.

तिसरी पायरी: आधी नुसते पाहणे

शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम एच. व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील छोट्या सार्वजनिक चौकांचा जो अभ्यास केला, तो नुसते पाहण्यातून किती हाती लागते याचा उत्तम दाखला आहे. त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी उंचावर कॅमेरे लावले, नकाशांवर माणसांच्या जागा टिपल्या आणि कोण कुठे किती वेळ बसते याच्या नोंदी केल्या. गप्पा मारायला थांबलेली माणसे कडेला सरकतील असा सर्वांचा समज असतो; प्रत्यक्षात ती वर्दळीच्या ऐन मध्यातच उभी राहिलेली आढळली. हलवता येणारी खुर्ची मिळाली की, बसण्यापूर्वी लोक ती थोडीशी सरकवतात, भले ती जवळजवळ मूळ जागीच राहो, हेही त्यांनी टिपले. चौक गजबजलेला का असतो आणि ओस का पडतो, याचे एक मोठे कारण अगदी साधे निघाले: जिथे बसायला पुरेशी जागा असते तिथे लोक बसतात. अशा निरीक्षणांच्या आधारे शहराने १९७५ मध्ये चौकांविषयीचे नियम बदलले.

नवख्या विद्यार्थ्यानेही पहिल्या भेटीत असेच करावे. जागेचा वरून दिसेल तसा आराखडा काढावा, त्यावर माणसांच्या हालचालींच्या रेषा ओढाव्यात, किती जण आले आणि किती जण परत फिरले हे मोजावे. काय पाहावे हे सुचेनासे झाले, तर पाच गोष्टी आलटून पालटून पाहाव्यात: चाललेली क्रिया, भोवतालची जागा, माणसांचे एकमेकांशी व वस्तूंशी चाललेले व्यवहार, प्रत्यक्ष वस्तू आणि त्या वापरणारी माणसे.

नोंदी लिहिताना पानाच्या मध्यावर उभी रेघ मारून डावीकडे जे दिसले ते आणि उजवीकडे त्यावरून जे वाटले ते लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. ‘वृद्ध गृहस्थ गोंधळले’ हा आपला निष्कर्ष आहे. ‘अर्ज दोनदा उलटसुलट केला, चष्मा काढून पुन्हा लावला, शेजारच्या माणसाच्या अर्जाकडे पाहिले, मग तिसऱ्या रकान्यावर पेन टेकवून थांबले’ हे निरीक्षण आहे. पहिल्या वाक्यातून ‘अर्ज सोपा करा’ एवढेच निघते; दुसऱ्यातून अक्षरांचा आकार, रकान्यांचा क्रम, भरलेल्या नमुन्याची गरज आणि शेजाऱ्याकडून मिळणारी मदत अशा चार वेगळ्या वाटा निघतात. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना मला सर्वाधिक उणीव जाणवते ती याच ठिकाणी. उजवीकडचे रकाने भरगच्च असतात आणि डावीकडे दोन-तीन ओळी असतात. ते प्रमाण उलट व्हायला हवे.

याच टप्प्यावर लोकांनी स्वतः करून घेतलेल्या तडजोडी शोधाव्यात. बटणावर चिकटवलेली पट्टी, यंत्रावर हाताने लिहिलेली सूचना, मुठीला गुंडाळलेली चिंधी, दार उघडे राहावे म्हणून खाली सारलेली कागदाची घडी, हिरवळीतून पडलेली पायवाट, घासून गुळगुळीत झालेली कड, यांतली प्रत्येक खूण म्हणजे मूळ वस्तू जिथे कमी पडली तिथे वापरणाऱ्याने घातलेली भर असते. अशी खूण दिसली की तिचे मोजमाप घ्यावे, रेखाटन करावे आणि ती कोणी, केव्हा व का केली याचा शोध घ्यावा.

चौथी पायरी: विचारण्यापेक्षा दाखवायला सांगा

स्वयंपाकघरात द्रव मोजण्याचा काचेचा कप घ्या. ऑक्सो कंपनीने लोकांना या कपात काय खटकते असे विचारले, तेव्हा तो पडला की फुटतो, मूठ तापते, हात निसटतो, अशी उत्तरे आली. पण तोच कप वापरून दाखवा असे सांगितल्यावर, प्रत्येक जण द्रव ओतत होता, वाकून खुणेपर्यंत पोहोचला का ते पाहत होता, पुन्हा थोडे ओतत होता आणि पुन्हा वाकत होता. हे वाकणे कोणीच अडचण म्हणून सांगितले नव्हते, कारण मोजायचे म्हणजे वाकायचे हे सर्वांनी गृहीतच धरलेले होते. पुढे वरून पाहूनच माप वाचता येईल अशा तिरक्या पट्टीचा कप बाजारात आला. माणसे खोटे बोलत नाहीत. अंगवळणी पडलेली गोष्ट त्यांना अडचण वाटत नाही, इतकेच.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात मानववंशशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या ल्यूसी सचमन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नव्या छायाप्रत यंत्राशी झगडणाऱ्या लोकांचे चित्रीकरण केले. एका चित्रफितीत कागदाच्या दोन्ही बाजूंच्या प्रती काढताना अडखळणारी जोडी ही संगणकशास्त्रातील नामवंत मंडळी होती. वापरणाऱ्याला यंत्र कळत नाही, असे म्हणून विषय संपवणे त्यानंतर कोणालाही कठीण झाले.

म्हणून संवादात प्रश्नावली बाजूला ठेवावी आणि नवशिका उमेदवार जसा उस्तादाजवळ बसतो तसे बसावे. ‘हे तुम्ही कसे करता ते मला दाखवाल का’, ‘आत्ता हात मध्येच का थांबला’, ‘मागच्या वेळी हे बिघडले तेव्हा काय केलेत’, ‘नवा माणूस इथे सर्वांत आधी कुठे चुकतो’, असे प्रश्न प्रत्यक्ष घडलेल्या कामाशी जोडलेले असतात. ‘तुम्ही साधारणपणे काय करता’ या प्रश्नाला आदर्श पद्धतीचे वर्णन मिळते, आणि ‘अशी वस्तू बनवली तर वापराल का’ या प्रश्नाला सौजन्यापोटी होकार मिळतो. या दोन्हींचा उपयोग नाही. उत्तर संपले असे वाटल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. थोडा वेळ शांत राहिले, तर बहुतेक माणसे स्वतःहून आणखी काही सांगतात आणि पुष्कळदा तेच महत्त्वाचे असते.

घरातले खासगी आयुष्य किंवा रात्रीचे तास अशा जिथे आपण उपस्थित राहू शकत नाही अशा जागांसाठी वेगळी युक्ती वापरता येते. डिझाइन संशोधक बिल गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातील तीन वस्त्यांमधल्या वृद्धांना पोस्टकार्डे, नकाशे, एकदा वापरून टाकण्याचा कॅमेरा आणि छोट्या वह्या असलेले संच दिले होते. लोकांनी ते आपल्या सवडीने भरून परत पाठवले. त्यातून आकडेवारी मिळत नाही, पण त्या माणसांच्या आवडीनिवडींचा, भीतीचा आणि विनोदबुद्धीचा असा काही अंदाज येतो की, पुढचा संवाद वेगळ्याच पातळीवर सुरू होतो.

पाचवी पायरी: स्वतःच्या शरीराने अनुभव घ्या, पण त्याची मर्यादा ओळखा

पॅट्रिशिया मूर ही तरुण अमेरिकी डिझाइनर १९७९ पासून १९८२ पर्यंत वेळोवेळी ऐंशीच्या पुढच्या वृद्धेच्या वेशात उत्तर अमेरिकेतील शंभराहून अधिक शहरांत वावरली. रंगभूषेवर तिने भागवले नाही. दृष्टी अंधूक करणारा चष्मा, कानात बोळे आणि सांधे आखडून टाकणाऱ्या पट्ट्या वापरून तिने दारे उघडली, बसमध्ये चढली, खरेदी केली. वस्तूंच्या अडचणी तिला कळल्याच, पण लोक वृद्धांशी किती तुटकपणे वागतात हेही कळले. सर्व वयांच्या व क्षमतांच्या माणसांना वापरता येतील अशा वस्तूंचा विचार पुढे जो रुजला, त्यात तिच्या या कामाचा मोठा वाटा आहे. १९९० मध्ये बाजारात आलेल्या ऑक्सोच्या जाड, मऊ मुठीच्या, भाज्या सोलण्याच्या सोलाण्यामागेही असाच जवळून आलेला अनुभव होता: कंपनीचे संस्थापक सॅम फार्बर यांच्या पत्नीला संधिवातामुळे साधे सोलाणे धरणे त्रासाचे होत होते.

तेव्हा जे काम तुम्ही पाहत आहात ते, परवानगी आणि सुरक्षितता सांभाळून, स्वतः करून पाहावे. ओझे उचलावे, अवजार तासभर चालवावे, रांगेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभे राहावे. मनगट कुठे दुखते, उजेड कोणत्या बाजूने हवासा वाटतो, कंटाळा केव्हा येतो, या गोष्टी वहीत कितीही नीट लिहिल्या तरी हाताला कळल्याशिवाय त्यांचे वजन समजत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून तासभर फिरणाऱ्या विद्यार्थ्याला अंधत्वाचा पहिला, भांबावलेला तास अनुभवता येतो. वर्षानुवर्षे दृष्टीविना वावरणाऱ्या व्यक्तीने कमावलेले कौशल्य, तिची स्पर्शाची व आवाजाची जाण आणि तिने बसवलेल्या पद्धती त्यात कुठेच येत नाहीत. अशा प्रयोगातून दया उत्पन्न होते आणि दयेतून निघालेली डिझाइने बहुधा त्या व्यक्तींना नको असतात. म्हणून नक्कल करून झाली की तो अनुभव बाजूला ठेवून प्रत्यक्ष त्या व्यक्तींसोबत काम करावे आणि निर्णयात त्यांना बरोबरीने स्थान द्यावे.

बरोबरीच्या स्थानाचा अर्थ समजून घेण्यासाठी जयपूर फूटचा इतिहास पाहण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात उपलब्ध असलेला परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. तो लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा अनवाणी चालणे शक्य होत नव्हते. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक यांनी मिळून १९६८ च्या सुमारास रबर व लाकूड वापरून लवचीक पाय विकसित केला, तो या हालचाली डोळ्यांसमोर ठेवूनच. रुग्णांच्या रोजच्या हालचाली जवळून माहीत असणे आणि हातात साहित्याची जाण असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणून हे घडले.

सहावी पायरी: वेगवेगळ्या वेळी जा

सकाळी अकरा वाजताची जागा आणि संध्याकाळी बंद होतानाची तीच जागा यांत फार अंतर असते. उघडण्यापूर्वीची मांडामांड, गर्दीची वेळ, मधली शांत वेळ, आवराआवर आणि जमल्यास काहीतरी बिघडलेले असतानाची वेळ, एवढ्या भेटी तरी व्हाव्यात. बिघाडाच्या वेळी कोण कोणाला हाक मारते, कोणती वस्तू कपाटाच्या मागून निघते, कोणता नियम बाजूला ठेवला जातो, यावरून त्या जागेची खरी रचना कळते. याच भेटींमध्ये आणखी एक प्रश्न स्वतःला विचारत राहावा: इथे कोण दिसत नाही? जिना चढता येत नाही म्हणून, वेळ जुळत नाही म्हणून किंवा भाषा वाचता येत नाही म्हणून जे आलेच नाहीत, त्यांच्याबद्दल जागेवर बसून कितीही निरीक्षण केले तरी काही समजणार नाही. त्यांना शोधून काढावे लागेल.

सातवी पायरी: त्याच दिवशी लिहा, मग मांडून पाहा

घाईत टिपलेली त्रोटक वाक्ये त्याच संध्याकाळी सविस्तर लिहून काढावीत, कारण एका झोपेनंतर तपशील पुसट होतात आणि मन त्यांच्या जागी सोयीची गोष्ट रचते. काही भेटी झाल्यावर प्रत्येक निरीक्षण वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सर्व चिठ्ठ्या भिंतीवर लावाव्यात आणि सहाध्यायांना सोबत घेऊन त्यांचे गट करावेत. गटांना ‘समस्या’, ‘गरजा’ अशी ठरीव नावे आधीच देऊ नयेत; चिठ्ठ्या एकमेकींजवळ का याव्याशा वाटतात ते बोलत बोलत ठरू द्यावे आणि मग त्या गटाला पूर्ण वाक्याचे नाव द्यावे.

इथून प्रश्नापर्यंत कसे जायचे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, तुम्ही औषधे देण्याच्या खिडकीपाशी बसला होता आणि निघताना गृहीतकांच्या पानावर ‘रांग लांब आहे, ती कमी कशी करावी’ असे लिहिले होते. भेटींमध्ये दिसले की, औषधे मिळालेली माणसे लगेच निघून जात नाहीत; दोन पावलांवर थांबून पाकिटे एकेक करून पाहतात. काही जण परत खिडकीशी येऊन मध्येच काहीतरी विचारतात आणि रांग तिथे खोळंबते. औषधे देणारी व्यक्ती पाकिटांवर पेनने खुणा करते, पण चकचकीत पृष्ठभागावर शाई टिकत नाही. एक बाई गोळ्यांच्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांच्या रबरांनी बांधून घेते. ही चारही निरीक्षणे शेजारी ठेवल्यावर रांग हा परिणाम आहे आणि मूळ अडचण सूचना घरापर्यंत न पोहोचण्याची आहे, असे दिसू लागते. आता प्रश्न असा होतो: रात्री मंद उजेडात, औषध आणणारी व्यक्ती जवळ नसताना, घेणाऱ्याला योग्य गोळी कशी ओळखता येईल? या प्रश्नाची उत्तरे टोकन यंत्राकडे जात नाहीत. ती पाकिटाकडे, खुणांकडे, रंगांकडे, स्पर्शाकडे आणि त्या बाईच्या रबरांकडे जातात. प्रेरणा असे ज्याला म्हटले जाते ती, माझ्या अनुभवात, बहुधा अशा मांडणीतून येते आणि क्वचितच एखाद्या क्षणी लखकन येते. त्यामुळे पहिल्या भेटीत काहीच सुचले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

आठवी पायरी: कच्चे मॉडेल घेऊन परत जा

कल्पना सुचली की अनेक विद्यार्थी संगणकावर तिचे देखणे चित्र करण्यात उरलेले सगळे आठवडे घालवतात. त्याऐवजी पुठ्ठा, कागद, चिकटपट्टी यांतून कच्चे मॉडेल करून लवकरात लवकर त्याच जागी परत जावे. मॉडेल कच्चे असले की लोक मोकळेपणाने चुका काढतात, स्वतः वाकवून दाखवतात, पेनने त्यावर रेघा मारतात; गुळगुळीत, पूर्ण झालेल्या वस्तूपुढे ते कौतुक करून थांबतात. मॉडेल हातात द्यावे आणि स्पष्टीकरण देण्याचा मोह आवरावा. ते कसे धरले जाते, कुठे ठेवले जाते आणि कशासाठी म्हणून समजले जाते, हेच तर आपल्याला पाहायचे असते.

वस्तू प्रत्यक्ष बांधून, उभारून दाखवण्यापर्यंत हा मार्ग नेता येतो. ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील हेल काउंटी या ग्रामीण भागात सुरू केलेल्या रूरल स्टुडिओत वास्तुकलेचे विद्यार्थी त्या भागात राहतात, तिथल्या रहिवाशांशी बोलून घरांचे आराखडे करतात आणि ती घरे स्वतः बांधतात. पावसाळी वाऱ्याची दिशा चुकली तर गळणाऱ्या छपराखाली कोणाला झोपावे लागेल हे त्या विद्यार्थ्याला माहीत असते, आणि त्या जाणिवेने त्याच्या रेषेत येणारी जबाबदारी कोणत्याही व्याख्यानाने येत नाही. सर्वच विद्यार्थ्यांना एवढी संधी मिळणार नाही, पण निदान एक वस्तू तरी निदान आठवडाभर तिच्या खऱ्या जागी वापरात राहील, असा प्रयत्न अवश्य करावा.

काम संपताना

सादरीकरणाच्या आधी ज्या लोकांनी वेळ दिला त्यांना काम दाखवून यावे. त्यांची कोणती छायाचित्रे व वाक्ये फलकावर येणार आहेत ते सांगावे, नको म्हटलेले काढून टाकावे आणि ज्या नोंदी व चित्रफिती पुढे लागणार नाहीत त्या नष्ट कराव्यात. आपल्या भेटींमुळे एखादी वस्तू किंवा सोय मिळेल अशी अपेक्षा तिथे निर्माण झाली असेल, तर काय शक्य आहे आणि काय नाही हे स्पष्ट शब्दांत सांगावे. एखाद्या कारागिराने किंवा वापरणाऱ्याने दाखवलेली युक्ती तुमच्या अंतिम रचनेत आली असेल, तर तिचे श्रेय त्या व्यक्तीला फलकावरच, रचनेच्या शेजारी द्यावे. नाव छापावे की नाही आणि कसे छापावे, हे मात्र तिलाच विचारून ठरवावे.